नागपूरचा विमानतळ आणि रात्रीचे टपाल

(नभोवाणीवरून दिलेले भाषण)

माझे बालपण ज्या घरात गेले, ते घर नागपुरात वर्धा मार्गाच्या बाजूस, सोनेगावच्या विमानतळापासून फार दूर नव्हे अशा ठिकाणी होते. रात्री दिवे मालवले जात, रस्त्यावरील सायकलरिक्षांच्या घंटा थांबत, आणि मध्यरात्रीच्या सुमारास आकाशातून एक घरघर ऐकू येई. थोड्या अवकाशाने दुसऱ्या दिशेने दुसरी, मग तिसरी, मग चौथी. आमची आजी अंथरुणावर पडल्या पडल्याच सांगे, "ही मुंबईची. आता कलकत्त्याची येईल." आवाजावरून विमानाचे गाव ओळखण्याची तिची ही विद्या कितपत खरी होती, देव जाणे, परंतु चारही विमाने उतरली म्हणजे ती निश्चिंतपणे कूस बदलून झोपी जाई. आमचे वडील, ज्यांस घरातील सर्व मंडळी नाना म्हणत, ते टपालखात्यात नोकरीस होते, आणि त्या वेळी सोनेगावास थैल्यांच्या कामावर असत.

त्या चार विमानांची, आणि त्यांच्या निमित्ताने सोनेगावच्या विमानतळाची हकीकत आज आपणांस सांगावी असे योजले आहे. मी इतिहासाचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून पुढे मुलांना भूगोल व इतिहास शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, असा एक निवृत्त शाळामास्तर आहे. परंतु वर्गात हिंदुस्थानचा नकाशा टांगून जो प्रश्न मी वर्षानुवर्षे मुलांना विचारीत आलो, तोच प्रश्न ह्या हकीकतीच्याही मुळाशी आहे. एखाद्या गावाला निसर्गाने उत्तम जागा दिली, तर तेवढ्यानेच त्या गावाचे भाग्य ठरते काय?

नागपूरची जागा उत्तम आहे, ह्याविषयी वाद नाही. नकाशावर मुंबई व कलकत्ता ह्यांना जोडणारी एक रेघ ओढावी, दिल्ली व मद्रास ह्यांना जोडणारी दुसरी ओढावी. ह्या दोन रेघा एकमेकींस जेथे छेदतात, त्याच्या आसपासच नागपूर आहे. शहरात झीरो माइलचा जो वालुकाश्माचा स्तंभ व त्याजवळ चार घोडे उभे आहेत, ते पाहून प्रत्येक नागपूरकराची अशी समजूत होते की, आपण देशाच्या नाभीवर उभे आहोत. भूगोलज्ञ ह्यात काही खुसपट काढतील. परंतु व्यवहाराला तेवढी समजूत पुरेशी आहे.

आगगाडीने ही गोष्ट प्रथम ओळखली. १८६७ साली मुंबईकडून लोहमार्ग नागपुरास पोहोचला. पुढे बेंगॉल-नागपूर रेल्वेने तो कलकत्त्याशी जोडला. आणि १९२९ च्या सुमारास बल्लारशा व काझीपेठ ह्यांच्या मधला दुवा पूर्ण झाल्यावर दिल्लीहून मद्रासेस जाणारा सरळ मार्गही नागपुरावरूनच जाऊ लागला. ह्या प्रकारे जमिनीवर चव्हाटा तयार झाला होता. आकाशातील चव्हाटा व्हावयाला मात्र आणखी वीस वर्षे लागली.

सोनेगावचे मैदान विमानांच्या उपयोगात आले ते पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१७-१८ साली, ब्रिटिश हवाई दलासाठी. त्या काळी विमानतळ म्हणजे सपाट माळ एवढाच अर्थ होता. दुसऱ्या महायुद्धात पूर्वेकडील आघाडीवर जाणाऱ्या विमानांना वाटेत विसावा घेण्यासाठी ह्या ठिकाणाचा उपयोग झाला, नव्या इमारती उठल्या, आणि इंग्रज गेले तेव्हा हा वापरता विमानतळ हिंदी सरकारच्या हाती आला. जे युद्धासाठी बांधले गेले, ते टपालाच्या कामी आले. इतिहासात असे पुष्कळदा घडते.

आता टपालाकडे वळू. विमानाने टपाल नेण्याचा पहिला अधिकृत प्रयोग आपल्याच देशात झाला, हे पुष्कळांस ठाऊक नसते. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादेस आंरी पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकाने सुमारे ६,५०० पत्रे घेऊन यमुनेपलीकडील नैनीपर्यंत उड्डाण केले. ती मौज एका दिवसापुरती होती. नियमित काम सुरू झाले ते १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जेव्हा जे. आर. डी. टाटा हे कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईस स्वतः विमान चालवीत आले आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट हे ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासेस घेऊन गेले. विलायतेचे टपाल कराचीस उतरे, म्हणून ह्या मार्गाचे तोंड कराचीकडे होते. नागपूर त्याच्या वाटेत कोठेच नव्हते.

१९४७ साली फाळणी झाली आणि कराची परदेशात गेली. राहिलेल्या देशाच्या नकाशाकडे पाहिले असता चार मोठी शहरे चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी नागपूर, असे चित्र दिसू लागले. त्याच सुमारास युद्धात वापरलेली डकोटा विमाने स्वस्तात विक्रीस निघाली, आणि ती घेऊन हवाई वाहतूक करणाऱ्या कंपन्या भराभर उभ्या राहिल्या. विमाने पुष्कळ, वैमानिक पुष्कळ, आणि प्रवासी मात्र थोडे, अशी त्या कंपन्यांची अवस्था होती.

दळणवळण खात्याचे मंत्री रफी अहमद किदवाई ह्यांनी अशा वेळी रात्रीच्या टपालाची योजना पुढे मांडली. योजना इतकी साधी होती की, पाचवीतील मुलालाही फळ्यावर समजावून देता यावी, आणि मी ती तशी दिलीही आहे. शहरे चार; दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास. प्रत्येक शहराची प्रत्येकाशी जोडी लावली तर सहा जोड्या होतात. प्रत्येक जोडीसाठी दोन्ही बाजूंनी रोज एक विमान सोडावयाचे म्हटले तर रोज बारा उड्डाणे हवीत. परंतु चारही शहरांतून एकेक विमान रात्री निघाले, मध्यरात्री एका मधल्या ठिकाणी भेटले, थैल्यांची अदलाबदल केली आणि पहाटेपूर्वी आपापल्या घरी परतले, तर विमाने चार व उड्डाणे आठ एवढ्यातच साऱ्या जोड्यांचे काम भागते. शिवाय मधल्या गावाचेही टपाल चारही दिशांना जाते, ते वेगळेच. हे मधले ठिकाण नागपूर असावे, हे सांगावयास मंत्र्याची गरज नव्हती. नकाशाच ते सांगत होता.

अंतरे सारखी नव्हती. हवाईमार्गाने मोजले तर नागपुरापासून मुंबई सुमारे ६८० किलोमीटर, दिल्ली ८५०, मद्रास ९०० आणि कलकत्ता ९८० च्या घरात येते. डकोटाचा वेग ताशी अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरांचा. तेव्हा मुंबईच्या विमानास अडीच तास व कलकत्त्याच्या विमानास पावणेचार तासांच्या आसपास लागत. टपालघरे बंद होऊन दिवसाचे टपाल गोळा झाल्यावर निघावे आणि मध्यरात्रीच्या आगेमागे सर्वांनी एकत्र यावे, हा मेळ त्यामुळे बसू शकला. डकोटाच्या वेगाला व पल्ल्याला नागपूर जणू मापून बसविले होते. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. तिचे काम पुढे पडणार आहे.

योजनेला विरोध झाला, आणि तो साध्या माणसाकडून झाला नाही. ज्यांनी ह्या देशात विमानाचे टपाल सुरू केले, त्या जे. आर. डी. टाटांनीच त्यास हरकत घेतली. रात्री विमान चालवावयाचे तर जमिनीवर दिवे हवेत, रेडिओची वाट दाखविणारी साधने हवीत. तीं पुरेशी नसता घाई करणे धोक्याचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मंत्रिमहोदयांस उशीर मान्य नव्हता. टाटांची कंपनी बाजूस राहिली, आणि ३० जानेवारी १९४९ रोजी, गांधीजींच्या निधनास ज्या दिवशी एक वर्ष पुरे झाले त्या रात्री, इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स ह्या दुसऱ्या कंपनीने सेवा सुरू केली. त्या कंपनीच्या हातून ती लवकरच सुटली, आणि पुढे हिमालयन एव्हिएशन ह्या कंपनीने ती चालविली. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून पत्रांना विमानाचे वेगळे जादा तिकीट लावण्याची आवश्यकता राहिली नाही. जेथे विमानाने लवकर पोहोचेल तेथे साधे पत्रही विमानानेच जाऊ लागले.

ह्या शेवटच्या वाक्याचा अर्थ आज आपल्या लक्षात चटकन येत नाही. तोपर्यंत विमान ही श्रीमंतांची गोष्ट होती. कलकत्त्याच्या गिरणीत काम करणारा मुलगा आणि वऱ्हाडातील त्याची आई ह्यांचा विमानाशी काय संबंध? परंतु आता त्या मुलाने पेटीत टाकलेले पाकीट त्याच रात्री आकाशातून नागपुरास येई. मुंबई-कलकत्ता आगगाडीच्या वाटेला दीड दिवसाहून अधिक काळ लागे. तेच अंतर आता पत्र एका रात्रीत तोडू लागले. ज्या आईने विमान जवळून कधी पाहिले नाही आणि पुढेही पाहिले नाही, तिच्यासाठी रोज रात्री चार विमाने उडत होती. हवाई वाहतुकीच्या इतिहासात उंच उड्डाणांची व वेगाच्या विक्रमांची वर्णने पुष्कळ असतात. मला मात्र ह्या साध्या पाकिटाचे उड्डाण त्या सर्वांहून मोठे वाटते.

१९५३ हे वर्ष सोनेगावच्या इतिहासात तीन कारणांनी स्मरणीय आहे. पहिले असे की, वाढती रहदारी पाहून तेथे नवी इमारत बांधण्यात आली. उपाहारगृह, विश्रांतीच्या खोल्या, पुस्तकांचे दुकान आणि प्रेक्षकांसाठी सज्जा, अशी सोय तीत होती. दुसरे असे की, खाजगी कंपन्या एकत्र करून सरकारने इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन स्थापन केले आणि १ ऑगस्टपासून रात्रीचे टपाल त्याच्याकडे आले. न्यायमूर्ती राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने १९५० साली असा सल्ला दिला होता की, कंपन्यांची संख्या कमी करावी, परंतु राष्ट्रीयीकरणाची घाई करू नये. सल्ल्याचा पहिला अर्धा भाग सरकारास पटला, दुसरा पटला नाही.

तिसरे कारण दुःखाचे आहे. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री मद्रासेकडे निघालेले डकोटा विमान सोनेगावाहून उडताच इंजिनातील बिघाडामुळे कोसळले. आत चौदा माणसे होती. तेरा मृत्युमुखी पडली, वैमानिक तेवढा वाचला. मृतांमध्ये कामगार चळवळीचे पुढारी हरिहरनाथ शास्त्री हे होते. टाटांची शंका खरी ठरली असे ह्यावरून म्हणावे काय? बिघडलेले इंजिन दिवसाही माणसे मारते, तेव्हा हा दोष सर्वस्वी रात्रीच्या माथी मारता येणार नाही. परंतु त्यांची शंका पोकळ नव्हती, एवढे मानले पाहिजे. प्रत्येक रात्री कोणीतरी जोखीम पत्करीत होते, म्हणून सकाळी घरोघर पत्र पडत होते. आमच्या घरी आजी चार विमाने मोजून मगच का झोपत असे, ह्याचा उलगडा मला ह्या अपघाताची हकीकत कळल्यावर झाला. तो अपघात माझ्या जन्मापूर्वीचा होता. तिला मात्र तो चांगला आठवत होता.

नानांनी मला एकदाच, उन्हाळ्याच्या सुटीत, तेथे नेले होते. मी त्या वेळी अकरा वर्षांचा होतो. सज्ज्याच्या कठड्याला नाक लावून मी उभा राहिलो. धावपट्टीच्या कडेने दिव्यांच्या दोन रांगा लांबवर गेलेल्या होत्या आणि त्यांच्यापलीकडे सर्व काळोख. मग काळोखातून एक दिवा खाली येऊ लागला. विमान थांबताच हातगाड्या धावल्या, थैल्या उतरल्या, आणि चार विमानांच्या मधल्या जागेत जी लगबग उडाली तिला मी आठवडी बाजाराखेरीज दुसरी उपमा देऊ शकत नाही. फरक इतकाच की, ह्या बाजारात आरडाओरड नव्हती. प्रत्येक थैलीवरील चिठ्ठी कंदिलासारख्या दिव्याखाली वाचली जाई, वहीत खूण होई, आणि थैली आपल्या विमानाकडे जाई. दिल्लीची थैली मद्रासेच्या विमानात गेली तर दोन दिवसांचा घोटाळा. प्रवासी उपाहारगृहात बसून चहा घेत होते. कोणी दिल्लीहून येऊन कलकत्त्याकडे निघालेला, कोणी मद्रासेहून मुंबईकडे. तासा-दोन तासांत एकामागून एक विमाने उडाली, आणि जेथे इतका वेळ चार प्रांतांच्या भाषा ऐकू येत होत्या, तेथे रातकिड्यांचा आवाज तेवढा राहिला.

त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या घरावर एक प्रसंग आला. माझे थोरले बंधू शिक्षणासाठी मद्रासेस होते; त्यांस विषमज्वर झाला. प्रथम तार आली. नानांना लगेच रजा मिळाली नाही, आणि घरात पैशाचीही चणचण होती. दादांच्या खोलीतील एका तमिळ मित्राने मात्र तेव्हा जे केले ते आम्ही जन्मभर विसरणार नाही. तो रोज सायंकाळी दोन ओळींचे इंग्रजी पत्र टपालात टाकी: आज ताप किती, डॉक्टर काय म्हणाले, काय खाल्ले. ते पत्र त्या रात्री सोनेगावास उतरे आणि दुसऱ्या दिवशी दुपारपूर्वी आमच्या दारात येई. नाना कामावरून पहाटे परत येत, तेव्हा आई दारात उभी असे. मद्रासेची थैली त्यांच्याच हातून उतरलेली असे. आपल्या मुलाची खबर तीत आहे, हे त्यांस ठाऊक असे. परंतु थैलीची मोहोर तोडण्याचा अधिकार त्यांचा नव्हता, आणि त्यांनी ती कधी तोडली नाही. आई विचारी, "आली का?" ते म्हणत, "थैली आली आहे. पत्र दुपारी येईल." सतरा दिवस हे असे चालले. अठराव्या दिवशीच्या पत्रात ताप उतरल्याची बातमी होती. पुढे दादा बरे होऊन घरी आले आणि तो मित्रही एका दिवाळीला आमच्याकडे येऊन गेला.

ही गोष्ट मी आपणांस सांगितली, ती केवळ घरगुती आठवण म्हणून नव्हे. एखादी सार्वजनिक व्यवस्था चांगली चालणे म्हणजे काय, हे मला तीत दिसते. चार वैमानिक, कोण कोठले. एक अनोळखी विद्यार्थी. एक मोहोर न तोडणारा कारकून. आणि दुपारी घामाघूम होऊन येणारा पोस्टमन. ह्यांपैकी एकही चुकता, तर आमच्या आईचा तो दिवस अंधारात गेला असता.

ऑक्टोबर १९७३ मध्ये रात्रीचे टपाल बंद झाले. मी तेरा वर्षांचा होतो. नानांना दिवसाचे काम मिळाले, आईला बरे वाटले. परंतु आजीला कित्येक दिवस झोप लागेना. ती म्हणे, "विमाने आली नाहीत अजून." चोवीस वर्षांहून अधिक काळ ज्या घड्याळावर तिची रात्र चालली होती, ते घड्याळ थांबले होते.

ते का थांबले? आता मघाच्या गणिताकडे परत येऊ. नागपूर हे डकोटाच्या मापाचे गाव होते. डकोटांनंतर चार इंजिनांची स्कायमास्टर विमाने आली, आणि मग जेट विमानांचे युग आले. १९७० च्या अखेरीस बोइंग ७३७ विमाने देशात आली. दिल्लीहून मुंबईस दोन तासांच्या आत जाणाऱ्या विमानाला वाटेत थांबण्याचे कारणच उरले नाही. दिवसा जाणाऱ्या प्रवासी विमानांच्या पोटातच टपालाच्या थैल्या ठेवता येऊ लागल्या. निसर्गाने दिलेली जागा तीच होती. यंत्र बदलले, आणि त्या जागेची किंमत एकदम उतरली.

परंतु ही कारणमीमांसा पुरी नाही. कारण त्याच १९७३ साली, आपल्याकडील सेवा बंद होण्यापूर्वी सहाच महिने, १७ एप्रिल रोजी अमेरिकेतील मेंफिस ह्या गावी एक नवी कंपनी नेमका हाच खेळ मांडीत होती. तिचे नाव फेडरल एक्स्प्रेस. पहिल्या रात्री चौदा छोटी जेट विमाने, पंचवीस शहरे, आणि १८६ पुडकी. सर्व शहरांतील पुडकी रात्री मेंफिसला आणावयाची, तेथे निवडावयाची आणि पहाटे परत पाठवावयाची. मेंफिस हेही मिसिसिपीच्या काठचे एक मध्यम आकाराचे शहर. राजधानी नव्हे, बंदर म्हणावे तर नदीचे. ते आज जगातील मालवाहतुकीच्या सर्वांत मोठ्या विमानतळांपैकी एक आहे.

जेट विमाने तेथेही होती, किंबहुना आपल्यापेक्षा अधिक होती. मग मेंफिस वाढले आणि नागपूर मागे राहिले, असे का व्हावे? माझ्या अल्पमतीप्रमाणे ह्याचे उत्तर असे आहे. नागपुरास थैल्या येत आणि जात. गावात काही राहत नसे. चार विमाने आली आणि गेली म्हणजे काळोखात जशी धावपट्टी रिकामी होई, तसेच गावही रिकामेच राही. मेंफिसला पुडकी निवडण्याचे कारखाने उभे राहिले, वखारी आल्या, त्यात काम करणारी हजारो माणसे आली. चव्हाट्यावरून लोक नुसते जात राहिले, तर तेथे एक पाणपोई चालते. तेथे लोक थांबले, तर पेठ बसते. आम्ही पाणपोई उत्तम चालविली. पेठ बसविण्याचा विचार त्या वेळी कोणाला सुचला नाही.

नागपूरच्या नशिबी ह्याच काळात आणखी एक उतार आला होता, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि मध्यप्रदेशाची राजधानी नागपुराहून भोपाळास गेली. त्यापूर्वी अवघ्या अठरा दिवसांवर, १४ ऑक्टोबर रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ह्याच शहरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. एकाच महिन्यात शहराने राज्याचे सिंहासन गमावले आणि एका मोठ्या जनसमूहाचे तीर्थस्थान मिळविले. पुढे १९६० साली नागपूर महाराष्ट्रात आले, विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन येथे भरू लागले, आणि डिसेंबरात मुंबईच्या विमानात जागा मिळणे कठीण होऊ लागले. परंतु वर्षातील एका अधिवेशनावर विमानतळ मोठा होत नसतो.

पेठ बसविण्याचा विचार सुचला तो विसाव्या शतकाच्या अखेरीस. २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि विमानतळाला लागून मालवाहतूक व उद्योग ह्यांची वसाहत उभारावयाची, अशी मिहान ह्या नावाची योजना आखली गेली. २००५ साली विमानतळास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्यात आले, आणि १४ एप्रिल २००८ रोजी, त्यांच्या जयंतीदिनी, नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. २००९ साली कॅप्टन गोपीनाथ ह्यांनी डेक्कन ३६० नावाची मालवाहू विमानसेवा सुरू केली आणि तिचे केंद्र म्हणून नागपूरच निवडले. रात्रीच्या टपालाची कल्पना जणू पुनर्जन्म घेऊन आली होती. परंतु दोनच वर्षांत पैशाच्या अडचणीने ती सेवा बंद पडली. २०१५ साली बोइंग कंपनीने उभारलेले विमानदुरुस्तीचे केंद्र येथे सुरू झाले. विमान येथे येते, दिवसच्या दिवस राहते, शेकडो हात त्यावर काम करतात. पेठ बसणे म्हणतात ते हेच. विमानतळ खाजगी कंपनीकडे देण्याचा प्रश्न मात्र अनेक वर्षे न्यायालयांत अडकून पडला होता. तो सुटून ऑक्टोबर २०२४ मध्ये करार झाला.

ह्या विकासाची किंमत कोणी दिली, हेही विसरून चालणार नाही. मिहानासाठी चार हजार हेक्टरांहून अधिक जमीन लागली. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव ही गावे ह्या कामी आली, आणि त्यांच्या मोबदल्याचे व पुनर्वसनाचे प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळले. माझ्या वर्गात शिवणगावची मुले होती. नकाशावर मी ज्याला नागपूरची उत्तम जागा म्हणत असे, ती त्यांच्या बापाची शेती होती. एका मुलाने मला विचारले होते, "गुरुजी, जागा निसर्गाने गावाला दिली म्हणता, मग ती आमच्याकडून का घेतात?" त्या दिवशी मी त्यास काही तरी सांगून गप्प केले. आज वाटते, त्याचा प्रश्न माझ्या प्रश्नापेक्षा अधिक खोल होता.

सारांश, श्रोतेहो, जागा ही निसर्गाची देणगी खरी, परंतु ती कायमची नसते. डकोटाने ती दिली आणि बोइंगने ती परत घेतली. तिचा उपयोग करून घेण्याची योजना, तो काटेकोरपणे चालविणारी माणसे, आणि ज्यांच्या अंगणातून ही वाट जाते त्यांच्याशी सचोटीचा व्यवहार, ह्या तीन गोष्टी असतील तरच गावाचे भाग्य टिकते. पहिल्या दोहोंचा धडा सोनेगावने देशाला चोवीस वर्षे रोज रात्री दिला. तिसऱ्याचा धडा आम्ही अद्याप गिरवीत आहो.

आजही पूर्वपश्चिम व दक्षिणोत्तर जाणारे हवाईमार्ग नागपूरच्या आकाशात एकमेकांस छेदतात. दूरदेशीची विमाने फार उंचावरून जातात. त्यांचा आवाज खाली येत नाही. परंतु एखाद्या विमानात कोणी प्रवासी अत्यवस्थ झाला, किंवा यंत्रात काही बिघडले, म्हणजे ते विमान पुष्कळदा नागपुरास उतरविले जाते, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात चार ओळी येतात. त्या ओळी वाचताना मला बरे वाटते. कोणा अनोळखी माणसाची आई कोठे तरी खबरीची वाट पाहत असेल, आणि तिच्यासाठी सोनेगावचे दिवे अपरात्री लागले असतील. आजी असती तर तिने तेही विमान मोजले असते.